शनिवारची पाठवणी

आमच्या हिरासे शहराचा उन्हाळा आदल्या हिवाळ्यात ठरतो. ऑक्टोबरात प्रत्येक विभागाने मागण्या लिहायच्या, डिसेंबरात त्या वित्त विभागासमोर मांडायच्या, मार्चमध्ये सभागृहाने त्यांवर हात वर करायचे. ऑगस्टच्या एखाद्या संध्याकाळी किनाऱ्यावर किती माणसे उभी राहतील हे नगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत असताना, कागदावर उमटलेले असते. पर्यटन विभागात मी एकोणीस वर्षे काढली आहेत. अजून न उगवलेल्या दिवसांना नावे द्यायचे हे काम मला एके काळी जवळजवळ पवित्र वाटत असे.

तोमोउरा हे माझे गाव शहराच्या अगदी टोकाला, डोंगर संपून समुद्र सुरू होतो तिथे आहे. एकतीस घरे. तेरा ऑगस्टच्या संध्याकाळी तिथे दारोदार काड्यांचा लहानसा जाळ करतात. त्याच्या उजेडावर पितर आपापले घर ओळखून आत येतात. तीन रात्री राहतात. सोळाच्या संध्याकाळी गव्हाच्या काडाची एक मोठी होडी समुद्रात सोडतात, तिच्यात प्रत्येक घराचा कंदील असतो. ज्या घरातले माणूस त्याच वर्षी गेले त्या घराचा कंदील पांढरा, आणि तो सर्वांत पुढे, होडीच्या नाळेवर. पहिल्या वर्षी ज्याची पाठवणी राहिली तो वर्षभर उंबरठ्यावर ताटकळतो, असे मानतात. होडी मात्र एकच. दुसरी कुणी बांधत नाही, कारण जागा उरलेली होडी जिवंत माणूस मागते.

एका ऑक्टोबरात ओकिता आजोबांनी, म्हणजे आमच्या वस्तीच्या प्रमुखांनी, मला फोन करून सांगितले की आता पुढे होडी होणार नाही. गावात गहू कुणी पेरत नव्हते, होडी ओढत नेणारे खांदे सत्तरीच्या पुढे गेले होते, आणि समुद्रात सोबत जाणारी रक्षक बोट फुकट मिळत नव्हती.

"तू एवढा मोठा साहेब," ते म्हणाले, "पोस्टरांना पैसे देतोस, त्या गॉगल घातलेल्या माशाला देतोस. आमच्या मेलेल्यांनी काय घोडं मारलंय?"

गॉगल घातलेला मासा म्हणजे शहराचा शुभंकर. त्याच्या नव्या पोशाखासाठी दर वर्षी तरतूद होते. मी मागणी लिहिली.

पर्यटनाचा निधी आमच्याकडे गरम झऱ्यांच्या हॉटेलांतून येतो. तिथे उतरणारा प्रत्येक पाहुणा अंघोळीचा कर देतो, आणि त्यातून जे उभे राहते त्यावर हॉटेलवाल्यांचा डोळा असतो. म्हणून वित्त विभागाच्या गुणपत्रिकेत सर्वांत जड प्रश्न एकच: या कामामुळे किती लोक रात्री मुक्कामाला राहतील?

डिसेंबरच्या त्या दुपारी वित्त विभागाच्या उएमात्सु बाईंनी माझी मागणी वाचली, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"इवाकी साहेब, मला रडवायचा विचार आहे का? छान लिहिलंय. पण सोळा ऑगस्टला सोमवार येतोय."

"हो."

"सोमवारी बघायला कोण येणार? कावळे?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"रविवारी सगळे गाशा गुंडाळून घरी जातात. शनिवारी केलंत तर हॉटेलं भरतील, गुण भरतील, मी वर सही मागू शकेन. नाहीतर यंदाही सगळं त्या माशाच्या पोटात जाईल. तारीख हलवता येईल का?"

त्या क्षणी मला तोमोउराचा किनारा होडीशिवाय दिसला. शनिवार म्हणजे चौदा. तेराला आलेले पितर एक रात्र राहून परत जातील, हा हिशेब मनात उमटला नव्हता असे मी म्हणणार नाही. पण ज्यांच्यासाठी तो मांडायचा ते सारे फार जुने मृत होते. माझे आजोबा, पणजोबा, चुलत आजी, ज्यांचे चेहरे फोटोतही पुसट झाले होते. त्यांना दोन रात्री कमी पडल्या तर पडल्या.

"येईल," मी म्हणालो.

जानेवारीत गावाच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सांगितले की तारीख वरून ठरली आहे, हॉटेलांच्या संघाची अट आहे. 'मी' हा शब्द मी वापरला नाही.

"वरून म्हणजे किती वरून?" ओकिता आजोबा म्हणाले. "त्याच्याही वर आमचे बापजादे बसलेत. त्यांना विचारलं का?"

"त्यांना पत्र धाडा आजोबा," मागून एक बाई म्हणाली, "शिक्का मारून."

लोक हसले. शेवटी आजोबांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"अजिबात न जाण्यापेक्षा लवकर गेलेले बरे. लिही शनिवार."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सभागृहाने अंदाजपत्रक मंजूर केले. त्याच आठवड्यात माझ्या ताईची एकुलती एक मुलगी कानाए हॉटेलच्या स्वागतकक्षात, एका पाहुण्याला खोलीची किल्ली देता देता, खाली कोसळली. मेंदूत रक्तस्राव. तेवीस वर्षांची होती. किल्ली तिच्या मुठीत तशीच राहिली होती, ती सोडवायला नर्सला बोटे एक एक करून उघडावी लागली, असे मला नंतर कळले.

ताई विधवा. त्या घरात दोघीच होत्या. अंत्यविधीत ती रडली नाही. एप्रिल गेला, मे गेला, भातखाचरांत पाणी सोडले गेले, आणि ती रोज दुकानात जात राहिली, मासे विकत राहिली, उरलेले पैसे नीट मोजून परत देत राहिली. जुलैच्या सुरुवातीला मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती ओसरीवर पांढरा कागद कापत बसली होती.

"तेत्सु, कंदील बघ जमतोय का. चौकट धर जरा."

मी चौकट धरली. तिने खळ लावली.

"तेराला येईल ना ती?" तिने विचारले. "पहिलंच वर्ष आहे. वाट चुकायची नाही ना?"

"नाही चुकणार, ताई."

"तीन रात्री. मी मोजून ठेवलंय. पहिल्या दिवशी थंड शेवया, तिला आवडतात तशा, आलं जास्त घालून. दुसऱ्या दिवशी वांगी. तिसऱ्या..." ती थांबली. चौदा तारखेची जाहिरात तिच्या दारावरच चिकटवलेली होती; आम्हीच ती घराघरांत वाटली होती. "चौदाला नेतील, नाही का रे?"

मी चौकट फिरवून दुसरी बाजू तिच्यापुढे धरली.

"मग तिसरं काही करायलाच नको," ती म्हणाली, आणि कागदाची कड अंगठ्याने दाबत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी आमचे विभागप्रमुख हिगुची साहेब यांच्यासमोर बसलो आणि तारीख पुन्हा सोळा करण्याची विनंती केली. ते मला ओळखतात. कानाएच्या अंत्यविधीला आले होते. त्यांनी दार लावून घेतले.

"इवाकी, अठरा बसगाड्या ठरल्यात. हॉटेलांत एक खोली शिल्लक नाही. आतषबाजीच्या तराफ्याचा परवाना चौदाचा आहे. मंजूर झालेलं काम त्याच्या दिवसासकट मंजूर झालंय. बदलायचं तर पुरवणी मागणी हवी, आणि सभागृह भरतं सप्टेंबरात."

"सप्टेंबरात काय उपयोग?"

"तेच म्हणतोय." त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "मला समजतंय हो सगळं. समजून मी काय करू, तेवढं सांग."

एकोणीस वर्षे हेच उत्तर मी टेबलाच्या त्या बाजूने देत आलो होतो. ओकिता आजोबांना मी एक छोटी होडी सोळाला सोडण्याबद्दल विचारले. ते म्हणाले, "आणि तिच्यात उरलेल्या जागेवर कोण बसणार? तू?"

तेराला संध्याकाळी ताईच्या दारात जाळ झाला. मी शेजारी उकिडवा बसलो होतो. धूर सरळ वर गेला, मग कुणी हाताने वळवावा तसा घराच्या दिशेने झुकला. ताईने दार उघडे ठेवले आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "ये. चपला आत घे, दव पडतं."

चौदाचा दिवस उजाडला तो माणसांनीच. दुपारपासून बसगाड्या वळणावर थांबत होत्या. भाजलेल्या माकुलांचा वास, लहान मुलांचे रडणे, ध्वनिक्षेपकावरून आमच्याच विभागातल्या मुलीचा गोड आवाज: कृपया पिवळ्या दोरीच्या मागे उभे राहा, होडी साडेसहाला निघेल. काडाची होडी वाळूवर उभी होती, आणि ती सुंदर झाली होती, हे मला नाकारता येत नाही. सगळ्या घरांचे कंदील आले. नाळेवरची जागा मोकळी होती.

सहा वाजता मी ताईच्या घरी गेलो. ती देव्हाऱ्यासमोर बसली होती. समोर वांग्यांऐवजी पुन्हा शेवयांचाच वाडगा, त्यावर आडव्या ठेवलेल्या चॉपस्टिक्स.

"ताई, वेळ झाली."

"हळू बोल. आत्ता कुठे जेवायला बसलीय."

मी दारातच बसलो. किनाऱ्यावरून गर्दीचा आवाज येत होता, लाटेसारखा, पण लाटेला जो विसावा असतो तो त्यात नव्हता.

"मी तिला सांगितलंच नाही आज जायचंय म्हणून," ताई म्हणाली. "कसं सांगू? काल तर आली."

"आज नाही गेली तर वर्षभर..."

"माहितीये मला. ताटकळू दे. माझ्या दारात ताटकळेल, दुसऱ्या कुणाच्या नाही."

खिशात फोन वाजत होता. मी तो वाजू दिला. बऱ्याच वेळाने तिने वाडगा उचलला, त्यातला बर्फ वितळून शेवया फुगल्या होत्या. तिने तो स्वयंपाकघरात नेला, परत आली, आणि पांढरा कंदील दोन्ही हातांनी उचलला, झोपलेले मूल उचलावे तसा.

"नाही रे," ती म्हणाली. "दारात उभं राहायला लागलं तर पाय दुखतील तिचे. दिवसभर उभ्यानंच काम करायची."

दोरीजवळच्या स्वयंसेवकाने तिला अडवले. कुटुंबीयांना निळी फीत द्यायची होती, आणि तिच्या हाताला ती नव्हती. ती मीच बनवलेली व्यवस्था होती. मी दोरी उचलली. लोकांनी वाट दिली आणि वाट देता देता फोटो काढले. ताई होडीत वाकली, कंदील नाळेवर बसवला, काडाची एक गाठ पुन्हा घट्ट केली, आणि मागे सरली.

होडी निघाली. समुद्रावर अजून उजेड होता. कंदील पेटलेले आहेत हे लक्ष देऊन पाहावे लागत होते. ती उधाणरेषेपलीकडे गेली तेव्हा किनाऱ्यावरच्या हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, त्यांत वाईट काही नव्हते. ताईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले, नवख्या गावात वाट विचारताना माणूस पाहतो तसे. मग आतषबाजी सुरू झाली.

सोमवारी मी रजा टाकली. संध्याकाळी ताईच्या मागोमाग किनाऱ्यावर गेलो, तर तिथे आधीच ओकिता आजोबा उभे होते, आणि एकेक करून बाकीची घरेही येत होती. कुणी कुणाला बोलावले नव्हते. कुणाच्या हातात काही नव्हते. वाळूत बसगाड्यांच्या लोकांनी पाडलेले खड्डे होते, आणि समोर निव्वळ समुद्र.

"आज काय करायचं?" ताईने विचारले.

"काही नाही," आजोबा म्हणाले. "उभं राहायचं."

आम्ही उभे राहिलो. अंधार पडू लागल्यावर लोक समुद्राला वाकून नमस्कार करत परतले. आम्ही दोघेच उरलो. मग मी बोललो, कारण आणखी गप्प राहणे मला शक्य नव्हते.

"ताई, शनिवार हॉटेलवाल्यांनी नाही ठरवला. मला विचारलं होतं. मीच हो म्हणालो."

ती समुद्राकडेच पाहत होती.

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"कानाएनं. जानेवारीत. हॉटेलात सगळे तुझं नाव घेत होते म्हणे. धावत घरी आली, बूट न काढता आत. म्हणाली, आई, मामानं शनिवार मिळवला, यंदा सगळ्या खोल्या भरणार, मला बोनस मिळणार." ताईचा आवाज तिथे एकदाच हलला. "किती खूश होती रे ती."

मी तिचा हात धरायला गेलो. तिने तो सोडवला नाही, धरलाही नाही.

"तू घरी जा," थोड्या वेळाने ती म्हणाली. "मी थांबते अजून थोडी. आत्ता निघाली असती ती."