हात वर तोवर बोली चालू

"ओढा, ओढा, ओढा... आणि आता सोडा!"

आप्पांनी ओढलं, पण सोडलं नाही. डोळे मिटून श्वास आत धरून बसले. बिडीचा पहिला झुरका जिरवतात, तसे.

"आप्पा, सोडा म्हणतेय ना!"

"लगीन झाल्यापून तुही मायबी हेच म्हनती," नळी तोंडातून काढत ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता खोकल्यात अडकले. नाकाला चिमटा तसाच होता. मी पाठ चोळत उभी राहिले. मला हसूही येत होतं आणि रडूही.

माझं काम लोकांना सांगायला अवघड आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची फुफ्फुसं वर्षानुवर्षं कशी खराब होत जातात, याचा आमच्या दवाखान्यात अभ्यास चालतो. लोक नळीत फुंकतात, मी आकडे भरते आणि संगणक त्या माणसाच्या श्वासाची पुढची रेघ काढून दाखवतो. पिशोरच्या पाहुण्यांना आई सांगते, "आमची तनुजा मशीनवर मान्सं म्हातारी करती." याहून नेमकं मलाही सांगता येत नाही.

आप्पांचं नाव कारभारी. मार्केटात ते अद्रकीची हर्रासी, म्हणजे आल्याचा लिलाव, पुकारायचे. मंडी शहागंजात होती तेव्हापासून तोच आवाज. तिथला कायदा कुठं लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे: आवाज तुटला की माल सुटला. पुकारणाऱ्याचा आवाज चालू आहे तोवर बोली वाढवता येते. तो थांबला की शेवटची बोली पक्की.

आदल्या दिवशी पिशोरच्या कडुबा शेतकऱ्याची अद्रक हर्रासीला लागली होती. दोन व्यापारी ईर्षेला पेटलेले, बोली चढत चाललेली, आणि ऐन रंगात आप्पांचा दम संपला. खोकल्याची उबळ आली, आवाज तुटला. शेवटची बोली त्या दोघांतल्या हाफिजभाई बागवानांची; त्यांनी ढिगावर हात ठेवला, म्हणजे माल त्यांचा.

"आवाज टूटा, माल छूटा, चाचा. कायदा तो आपकाच है."

त्यांची चूक नव्हती. कडुबाही भांडला नाही. भाव पुरता चढण्याआधीच माल गेला, तरी रिकामी पोती झटकून घड्या घालत राहिला. त्या रात्री आप्पा जेवले नाहीत आणि सकाळी स्वतःहून माझ्याकडे तपासायला आले. आईनं, मी, डॉक्टरांनी इतकी वर्षं डोकं आपटलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. कडुबाच्या गप्प बसण्यानं मात्र काम केलं.

खोकला थांबल्यावर दुसऱ्या वेळी त्यांनी नीट फुंकलं. पडद्यावर दोन रेघा उमटल्या.

"ही लाल, बिडी चालू ठेवली तर. निळी, आजच सोडली तर."

आप्पांनी चष्मा सारखा केला. "दोन्ही खालीच चालल्या की, बाई."

"वयानं सगळ्यांचीच खाली जाते. गेलेलं परत येत नाही, आप्पा. पण निळी पायपायी उतरते. लाल घाटात ब्रेक निकामी झाल्यासारखी सुटते."

"आन कुठवर जाती ती?"

लाल रेघेवर बोट ठेवून मला सांगायचं होतं की इथं न्हाणीपर्यंत जातानाही धाप लागते, इथं ऑक्सिजनची नळी नाकाला येते. दुसऱ्यांच्या बापांना मी हे रोज सांगते. त्या दिवशी माझी जीभ रेटेना.

आप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग एकदम मार्केटातल्या ठसक्यात म्हणाले, "म्हंजी ही मशीनची बोली."

"बोली नाही, अंदाज."

"बोलीच ती. मशीन म्हनतं, कारभारी वरसानं हितं असंन. मपली बोली निळीच्याबी वर!"

त्यांनी बंडल काढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. काडेपेटी मात्र परत खिशात गेली. "देवाजवळ लागती तुह्या मायला."

पुढचे काही महिने घरात आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. विंचू परवडला, पण बिडी सोडलेला माणूस नको. पोह्यात मीठ कमी पडलं म्हणून आप्पा दोन दिवस अबोल्यात. कोनाड्यात लपवलेली एक बिडी आईनं शोधून मोरीत बुचकळली, तेव्हा तर महाभारतच झालं. पण ते पंप ओढायला शिकले, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकले. गुलमंडीपर्यंत चालत जायचे आणि वाटेभर चंबू करून फुंकायचे. "ह्या वयात शिट्ट्या मारत फिरतेत, मला लाज वाटती," आई म्हणायची आणि त्यांची निघायची वेळ झाली की स्वतःच चपला समोर आणून ठेवायची.

पुकारणं मात्र त्यांनी कडुबाच्या त्या हर्रासीपासून सोडलं होतं. मार्केटात जाऊन वजनकाट्याजवळ नुसते बसायचे.

वर्षानं पुन्हा नळी. ओढा, ओढा, सोडा. या वेळी सोडलं, शेवटच्या थेंबापर्यंत सोडलं. पडद्यावर ठिपका उमटला. मी पुन्हा फुंकायला लावलं, कारण माझा विश्वास बसेना. ठिपका निळ्या रेघेच्या वर होता. नखभरच, पण वर.

"इचार मशीनला, वाढवतं का?"

मशीन गप्प.

"आवाज तुटला, माल सुटला," आप्पा म्हणाले. "फुफ्फुस मपलं."

मी त्यांच्या गळ्यात पडले. बाहेर रांगेत माणसं होती, ती बघत होती. बघू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर मार्केटात गेले. कडुबाची अद्रक आली होती आणि कडुबा हटून बसला होता. "पुकारतील तर कारभारीदादाच. नायतर माल परत नेतो."

आप्पा ढिगाजवळ उभे राहिले.

"आइका. मपला दम आता पहिल्यावानी नाय, लई गेला, तो काय परत येत नाय. मधी मधी थांबीन. पर हात वर हाये तवर बोली चालू. कबूल असंन तर पुकारतो."

लोक हाफिजभाईंकडे बघू लागले. मंडीचा कायदा बदलायचा म्हणजे लहान गोष्ट नव्हे.

"कबूल है, चाचा," हाफिजभाई म्हणाले.

आप्पांनी पुकारायला सुरुवात केली. जुनाच आवाज, जरा सावकाश. बोली चढली, अजून चढली, आणि नेमका तिथंच दम संपला. आवाज तुटला. आप्पांनी उजवा हात वर केला आणि ओठांचा चंबू करून श्वास सोडू लागले.

अख्खी मंडी थांबली. ढिगावर हात पडला नाही. हाफिजभाईंनी तर आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. कडुबा श्वास रोखून उभा होता, मीही. वर धरलेल्या त्या हाताची दोन बोटं बिडीनं अजून पिवळीच होती.

मग आप्पांनी श्वास भरून घेतला आणि बोली पुढं पुकारली.