परीक्षेतला बेडूक

मी एक जुना ट्रे आहे. चहाचा नाही बरं का मित्रांनो! चहाचा असतो तर पाहुण्यांसमोर मिरवलो असतो, चार कौतुकाचे शब्द ऐकले असते. मी शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला, बेडूक कापायचा ट्रे. मुरडलंत ना नाक? खुशाल मुरडा, मला सवय आहे. पण एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येणार नाही.

पत्र्याची कामं करणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. त्याच्या दुकानात डबे, बादल्या, नरसाळी अशी सगळी कामाची माणसं, म्हणजे कामाच्या वस्तू! मलाही वाटलं, आपण कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाणार. कारागीर माझ्या कडा दुमडून पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघत होता. बायको म्हणाली, "किती वेळ एकावरच? बाकीचे कधी व्हायचे?" तो म्हणाला, "शाळेत जायचाय हा. लेकरांच्या बोटाला धार लागता कामा नये." किती बरं वाटलं मला ते ऐकून! आपला जन्म लेकरांना जपण्यासाठी आहे असंच मी धरून चाललो होतो.

प्रयोगशाळेत मदतीला एक गृहस्थ होते. अख्खी शाळा त्यांना काका म्हणायची. त्यांनी मेण वितळवलं, त्यात काजळी कालवली आणि ते काळंभोर मेण माझ्या तळाशी ओतलं. मेण कशाला? तर बेडकाच्या पायांतून टाचण्या आरपार रुतल्या पाहिजेत. आणि काळं का? तर पांढऱ्या नसा उठून दिसल्या पाहिजेत. सगळा विचार केलेला होता हो. फक्त बेडकाला कुणी विचारलं नव्हतं.

बेडूक ओल्या पोत्यातून यायचे. काका त्यांना काचेच्या मोठ्या बरणीत सोडायचे, आत क्लोरोफॉर्मचा बोळा टाकायचे आणि झाकण लावायचे. थोडा वेळ काचेवर पाय आपटल्याचे आवाज येत, मग ते थांबत. नंतर मुलं एकेकाला उचलून आम्हा ट्रेंवर उताणं ठेवायची. खरं सांगतो, पहिल्या वर्षी मी फार हादरलो. मग सवय झाली. सवय ही मोठी वाईट गोष्ट आहे मित्रांनो. दर सुट्टीत काका माझं मेण पुन्हा वितळवायचे, टाचण्यांची सगळी भोकं बुजून जायची, आणि नव्या वर्षी मी पुन्हा साळसूदासारखा टेबलावर हजर!

आमचे सर मोठे हुशार. उंच, हसरे, खडूने फळ्यावर बेडूक असा काढायचे की आता उडी मारेल. त्यांची एक करामत आसपासच्या सगळ्या शाळांत प्रसिद्ध होती. ते बेडकाचं पोट उघडायचे ते इतक्या हलक्या हाताने, की आतलं हृदय चांगलं धडधडत राहायचं. मुलं गोळा व्हायची, माना पुढे काढायची, "बापरे!" म्हणायची. सर म्हणायचे, "बघा, हे असं पुस्तकात दिसणार नाही." या करामतीसाठी ते नेहमी मलाच घ्यायचे, कारण माझं मेण सर्वांत सपाट होतं. मला काय अभिमान होता म्हणून सांगू! पण ते ठोके टाचण्यांतून माझ्या मेणात उतरायचे, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढे सरांची मुलगी त्यांच्याच वर्गात आली. घरी बाबा, शाळेत सर, असा दोघांचा करार होता. ती चुकून बाबा म्हणाली की वर्ग खिदळायचा आणि तिचे कान लाल व्हायचे. पोरगी फार मायाळू. पंख मोडलेलं पाखरू, पाय मुरगळलेलं कुत्रं, जे दिसेल ते उचलून घरी आणायची. तिची आई एकदा शाळेत येऊन सरांना म्हणाली होती, "तुमच्या लेकीनं माझ्या पलंगाखाली दवाखाना उघडलाय. मी झोपू कुठे?" मोठी झाल्यावर जनावरांची डॉक्टर होणार, हे पोरीने कधीच ठरवून टाकलं होतं. सरांनाही त्याचा कोण आनंद!

अडचण एकच. तिला बेडूक कापायचा नव्हता.

एका दुपारी वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. म्हणाली, "बाबा, मी चित्र काढून दाखवते. एकेक नस दाखवते, वाटेल ते विचारा. नाही का चालणार?"

सर हसले. "परीक्षेत बाहेरचे परीक्षक असतात गं. ते काय चित्र बघायला येणार आहेत? आणि जनावरांची डॉक्टर व्हायचंय ना तुला? उद्या गाईचं ऑपरेशन करायची वेळ आली तर काय करशील? चित्र काढशील?"

"गाय आजारी असेल बाबा. तिला बरी करायला मी कापीन, हात नाही थरथरणार माझा. हा बेडूक तर धडधाकट आहे. त्याला मी काय म्हणून कापू?"

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मला वाटलं, आता यांना पटलं. कसलं काय! ते म्हणाले, "मन घट्ट करावं लागतं पोरी. पहिल्यांदा सगळ्यांनाच जड जातं." आणि विषय तिथेच संपला.

परीक्षेच्या दिवशी सर सकाळीच आले. काका पाणी भरायला गेले होते. खोलीत सर, ती बरणी आणि मी, एवढेच. सरांनी बरणीतून एक टपोरा बेडूक इतरांच्या आधीच बाहेर काढला, ओल्या फडक्यावर ठेवला आणि पुटपुटले, "फार गुंगी नको. हृदय जोरात चाललं पाहिजे. परीक्षक खूश झाले की पोरीची काळजी मिटली." त्यांच्या मनात पाप नव्हतं हो. लेकीचं भलं व्हावं एवढंच होतं. आपल्या हातात जी कला आहे तीच त्यांनी तिच्यासाठी वापरली. पण ती करामत त्यांच्या हाताची होती. ते झपाझप काम उरकायचे. पोरीचा हात नवखा, तिला वेळ लागणार, आणि तेवढ्यात गुंगी उतरणार, हे इतक्या हुशार माणसाच्या ध्यानातच आलं नाही.

परीक्षा सुरू झाली. तो बेडूक तिच्या वाट्याला आला आणि तिच्या वाट्याला मी. नियम असा होता की आधी बेडकाच्या पायाचं बोट चिमट्यात धरून दाबायचं. तो हलला नाही तरच पुढे जायचं. तिने दाबलं. पण तिला बघवत नव्हतं. तिने डोळे मिटून घेतले होते. बेडूक हलला नाही. मी साक्षीला आहे, तेव्हा तो मुळीच हलला नव्हता.

तिने टाचण्या टोचल्या. कातडी उचलली. कात्री चालवली. फार सावकाश, फार जपून. त्याला दुखू नये असं कापत होती बिचारी. पोट उघडलं, आणि तेवढ्यात माझ्या मेणातली एक टाचणी हलली. मग दुसरी. बेडकाने पुढचा पाय ओढून सोडवला, मान उचलली आणि तो ओरडला. बेडूक असाही ओरडतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. बारीक, लांबलचक आवाज होता तो. आजही आठवला की माझा पत्रा शहारतो.

"बाबा!" ती किंचाळली. वर्गातलं कुणी खिदळलं नाही.

सर धावत आले. त्यांनी क्लोरोफॉर्मचा बोळा बेडकाच्या तोंडावर दाबून धरला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. परीक्षक म्हणाले, "होतं असं कधी कधी. घाबरू नकोस, पुढे चालू ठेव." तिने सरांकडे बघितलं. अजूनही वेळ होती मित्रांनो! सरांनी तेव्हा नुसतं "राहू दे" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण परीक्षक उभे होते, सगळा वर्ग बघत होता. सर खाली बघून म्हणाले, "पूर्ण कर."

तिने पूर्ण केलं. डोळ्यांतून टपटप पाणी माझ्यात पडत होतं आणि ती पूर्ण करत होती. हृदय जोरात धडधडत होतं. परीक्षक वाकून म्हणाले, "वा! इतकं सुरेख काम खूप दिवसांनी बघितलं." तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

त्यानंतर ती प्रयोगशाळेत आली नाही. जनावरांच्या डॉक्टरकीचं नाव तिने टाकून दिलं. आईने समजावलं, सरांनी हात जोडले, ती ऐकेना. पुढे ती विमा कंपनीत लागली, असं काका कुणाला तरी सांगत होते. सरांनी मात्र त्या वर्षापासून धडधडणारं हृदय कधी दाखवलं नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "हात राहिला नाही आता." ते खोटं होतं. हात तसाच होता.

मग काळ बदलला. शाळेने बेडूक कापणं बंद केलं. रबराचा बेडूक आला, त्याचं पोट झाकणासारखं उघडतं. पडद्यावर हृदय चालतं, बटण दाबलं की थांबतं, पुन्हा दाबलं की सुरू होतं. मुलं तेवढंच शिकतात, आणि हसत शिकतात. ते बघून मला हायसं वाटतं, आणि रडूही येतं. हे एवढं सोपं होतं तर मग ते पोतीच्या पोती बेडूक कशासाठी गेले? माझी रवानगी कपाटावर झाली. धूळ खात पडलो. पडेन का नाही? लायकीच ती होती माझी.

परवा सर निवृत्त झाले. सामान न्यायला मुलगी आली होती. तिच्या केसांत पांढरी बट आलीय. पुस्तकं खोक्यात भरता भरता तिची नजर वर गेली आणि तिने मला ओळखलं. मला वाटलं, आता फेकून देणार. तिने मला खाली घेतलं आणि धूळ पुसली.

"बाबा, त्या दिवशी मी डोळे मिटले होते," ती म्हणाली. "बोट दाबलं ना, तेव्हा. तो हलला असणार, मी बघितलंच नाही. कधी बोलले नाही मी हे तुमच्याशी."

सर खुर्चीला धरून उभे राहिले.

"अजून रस्त्यात एखादं कुत्रं लंगडताना दिसलं ना, तर मी पलीकडच्या बाजूने जाते. वाटतं, आपण हात लावला की त्याचं वाईटच होईल. या हातांचा भरवसाच वाटत नाही मला."

सरांचे ओठ हलले. माझा जीव पत्र्यात मावेना. सांगतील, आता सांगतील! तिने मला खाली ठेवलं, पदराने डोळे टिपले आणि वाट बघत उभी राहिली.

"चल," सर म्हणाले. "तुझी आई खोळंबली असेल."

खोकी घेऊन दोघं गेली.

मित्रांनो, जनावरांना जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते तुमच्या मनात आधीपासून असतं. त्या पोरीच्या मनातही होतं. पण तुमच्यातलं एखादं मूल "मला हे जमणार नाही" असं म्हणालं तर त्याला भित्रं म्हणू नका, एवढं ऐका माझं. आणि आणखी एक काम करा. त्या बेडकाची माफी मागायला आता उशीर झालाय, पण मुलगी आहे, आणि सरही अजून आहेत. उंच, हसरे, जरा वाकलेले, रस्त्यात कुठे भेटलेच तर त्यांना अडवा. म्हणावं, ट्रेला तोंड नाही, तुम्हाला आहे. आज घरी जा आणि तिला सांगा, पोरी, तुझे हात चांगले होते.