जांभळी शीर

मुकुटबनच्या पलीकडं, कौसल्याआत्याच्या गावामागं ग्रॅनाइटचा उघडा खडक आहे. जिल्ह्यात जिकडंतिकडं काळा बसाल्ट. इथं मात्र त्याच्याहून कितीतरी जुना गुलाबीसर दगड वर आलेला. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी उर्वशीनं तोच निवडला. हातोडी, भिंग, कंपास घेऊन ती दिवसभर खडकावर असायची आणि मुक्कामाला आत्याकडं.

आत्या पन्नाशीचीही नव्हती. पण गुडघे वाकलेले, मान ताठर. कोणी मागून हाक मारली की ती सगळ्या अंगानं वळायची. वात आहे, असं घरात सगळे म्हणत. याच आत्यानं लहानग्या उर्वशीला खांद्यावर घेऊन चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत नाचवलं होतं.

सहाव्या दिवशी पायथ्याच्या एका भेगेत उर्वशीला जांभळी शीर दिसली. बोटभर रुंद, काचेसारखी चमकणारी. चाकूनं तिच्यावर ओरखडा उठला. म्हणजे गारगोटी नव्हे, फ्लोराइट; फ्लोराइडचं खनिज. ती हरखून गेली. असा नमुना वर्गात कोणालाच मिळाला नव्हता. तिनं फोटो काढले, भेगेची दिशा वहीत लिहिली. पुढं भेग मातीखाली जात होती, म्हणून ती त्या दिशेनं चालत निघाली. शंभरेक पावलांवर गावाचा हातपंप आला.

ती तिथंच थांबली. आत्याचे गुडघे तिच्या डोळ्यांपुढं आले.

पंपाच्या पाण्याचा नमुना तिनं नागपूरला प्रयोगशाळेत नेऊन दिला. पंधरा दिवसांनी अहवाल आला. फ्लोराइड मर्यादेच्या तिप्पट. कागद घेऊन ती पुन्हा आत्याकडं आली.

"आत्या, तुला वात नाही. पाण्यानं झालं हे. खडकातलं फ्लोराइड पाण्यात उतरते आन् हाडात जाऊन बसते."

आत्यानं कागद हातात घेतला, तसाच परत दिला. "मंग आता बरी होईन का मी?"

उर्वशीनं कागदाची घडी घातली.

"उकळून पेलं तं?"

"उकळलं की अजून वाढते."

"मंग काय पेऊ, तूच सांग. नाल्याकडची विहीर होळीलेच आटते."

उर्वशी अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेली. बाबूनं अर्ज शांतपणे वाचला. दोन वर्षांपूर्वी त्या गावाला पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं होतं, त्याची मोटार जळाली, हे त्याला ठाऊक होतं. "नवीन प्रस्तावात टाकतो," तो म्हणाला आणि शिक्का मारून त्यानं पोच दिली. येताना तिनं वणीहून पाण्याचे दोन कॅन आणले. शेजारपाजारचेही तांब्या घेऊन आले. दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन रिकामे झाले.

संध्याकाळी आत्याची सून राखी कळशी घेऊन निघाली. तिला सातवा महिना होता. उर्वशी तिच्यामागं गेली. पाणी पिऊ नये याची खूण म्हणून पंपाला कधीतरी लाल रंग दिलेला होता, तो बराचसा उडाला होता.

"राखी, हे पाणी नको पिऊस."

"माहीत आहे ताई. मामीजीनं सांगितलं." सासूला ती मामीजी म्हणायची. तिनं कळशी तोटीखाली लावली, दांडा दोनदा दाबला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जरा मारता का? मले दम लागते."

उर्वशीनं दांडा धरला. पाणी आलं, थंड आणि नितळ. कळशी भरेपर्यंत ती पंप मारत राहिली.