ओढ्यापलीकडची बोली

एर्लेनरीट आणि मूसवांग या दोन जर्मन गावांचं वैर सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धापासूनचं आहे. स्वीडनच्या सैन्याला एर्लेनरीटची आडवाट मूसवांगच्या एका दळभद्र्या गवळ्याने दाखवली, चर्च जळलं, घंटा वितळली, आणि तेव्हापासून ओढ्याअलीकडच्या माणसाने पलीकडच्यावर विश्वास ठेवलेला नाही, असं एर्लेनरीटमध्ये टोपी काढून सांगतात. मूसवांगमध्येही हीच गोष्ट टोपी काढूनच सांगतात, फक्त गवळी एर्लेनरीटचा असतो. खरं म्हणजे दूधसंघाने संकलन केंद्र मूसवांगला बांधलं आणि एर्लेनरीटवाल्यांना रोज पहाटे कॅन घेऊन पूल ओलांडावा लागला, तिथून सगळं सुरू झालं. ते बांधणारा गवंडी परवापरवापर्यंत जिवंत होता.

ओटिलीचं माहेर एर्लेनरीट, सासर मूसवांग. लग्न ठरलं तेव्हा तिचा थोरला भाऊ गेबहार्ड गावच्या बँडचा प्रमुख होता. बहिणीच्या लग्नात बँड वाजला नाही, आणि त्या दिवसापासून गेबहार्डने तिच्याशी बोलणं टाकलं. पूल दोन्हीकडून सारख्याच अंतरावर आहे, पण तो कधी इकडे आला नाही. पुढे आई गेली. ओटिलीला ते मूसवांगच्या बेकरीत कळलं, ब्रेडसाठी रांगेत उभी असताना, पेपरातल्या काळ्या चौकटीतून. चौकटीखाली शोकाकुल म्हणून गेबहार्डचं नाव होतं, त्याच्या बायकोचं, वाल्ट्राउटचं होतं, आणि मग ‘व सर्व आप्त’. ओटिली त्या ‘सर्व आप्तां’त होती.

तेव्हापासून तिला एकच हवं होतं. गेबहार्डने एकदा तोंडाने म्हणावं, की चुकलं. रडायला नको, गळ्यात पडायला नको. नुसतं वाक्य.

“बैलाकडून दूध मागतेस तू,” तिचा नवरा अलोइस म्हणायचा. आता तोही गेला होता, आणि तिला विरोध करायला घरात कोणी उरलं नव्हतं.

अशात टिल्मान आला. जिल्ह्याच्या गावी जन्मलेला, बर्लिनला राहून परत आपल्या मुळांच्या शोधात निघालेला दिग्दर्शक. लहानथोर सगळ्यांना तो अरेतुरे करी, आणि म्हातारी माणसं ते सोसत, कारण त्याच्याकडे सरकारी अनुदान होतं. दोन गावांच्या भांडणावर अस्सल बोलीतला विनोदी चित्रपट त्याला काढायचा होता. कथा अशी, की मूसवांगवाले एर्लेनरीटचा मेच्या सणाचा सजवलेला खांब चोरायला जातात आणि अंधारात स्वतःचाच उचलून आणतात. एर्लेनरीटवाले इतके प्यालेले असतात, की तो आपलाच समजून, रिवाजाप्रमाणे सोडवायला बिअरची पिंपं भरून देतात.

दोन्ही गावांच्या सभेत ही कथा वाचून झाली.

“आम्ही आपलाच खांब उचलू?” मूसवांगचा एक जण म्हणाला. “अरे, आमच्या गावचं कुत्रंसुद्धा आपला खांब ओळखतं!”

“ते ओळखतं, तुमचा प्रश्न आहे!” पलीकडून कोणीतरी ओरडलं.

“आणि आम्ही पिऊन पडलेलो? असलं दाखवलंत तर रस्त्यात ट्रॅक्टर आडवे घालू.”

टिल्मान चार दिवस विचारात पडला आणि मग त्याच्या डोक्यातून आयुष्यातली एकमेव हुशार कल्पना निघाली. पडद्यावर मूसवांगवाल्यांचं काम एर्लेनरीटवाले करतील आणि एर्लेनरीटवाल्यांचं मूसवांगवाले. एका दमात दोन्हीकडचे हात वर झाले. शेजाऱ्याचा मूर्खपणा जगाला करून दाखवायला मिळणार म्हटल्यावर मानधन किती, हेही कोणी विचारलं नाही.

आता ज्याला-त्याला पलीकडची बोली यायला हवी होती. एर्लेनरीटवाले शब्दाचं शेपूट दारात सापडल्यासारखं तोडतात. मूसवांगवाले ते कणकेसारखं ताणतात. एवढाच फरक, पण त्यावरून मुलगी नाकारलेली आहे. दोन्ही बोली जाणणारं माणूस एकच होतं. ओटिलीला माहेरी म्हणत, ‘ताणायला लागलीस गं!’ आणि सासरी म्हणत, ‘अजून तोडतेस!’ टिल्मानने तिला भाषा-मार्गदर्शक नेमलं. अर्ध्या आयुष्याचा अपमान अशा रीतीने हुद्दा झाला.

शिकवणी अग्निशमन दलाच्या वरच्या खोलीत भरे. चित्रपटातल्या मूसवांगच्या सरपंचाचं काम गेबहार्डकडे आलं होतं, कारण गावात त्याच्याइतका मोठा आवाज कोणाचा नव्हता. ओटिली एक वाक्य म्हणे, वर्ग ते परत म्हणे, हसून घेई आणि पुन्हा म्हणे. गेबहार्ड भिंतीवरच्या होसपाइपाकडे बघून म्हणे. अडलं की शेजारी बसलेल्या बायकोला सांगे, “तिला विचार, इथे श्वास घ्यायचा का?”

“इथे श्वास घ्यायचा का?” वाल्ट्राउट विचारी.

“घ्यायचा,” ओटिली सांगे.

“घ्यायचा म्हणते,” वाल्ट्राउट नवऱ्याला सांगे. तिघं एकाच बाकावर असत.

मग एके दिवशी वाल्ट्राउटचा फोन आला. “तो विचारतोय, घरी येऊन शिकवशील का? म्हणजे तो नाही विचारत, मीच विचारतेय. पण तो इथेच उभा आहे.”

ओटिली गेली. स्वयंपाकघर आईचंच होतं; कोपऱ्यातलं लाकडी बाक तेच, खिडकीखालचा पोपडाही तोच. वाल्ट्राउट चुलीशी उभी राहून पाटावरचं शेवयांचं सैल पीठ सुरीने खरवडून उकळत्या पाण्यात सोडत होती. गेबहार्ड संहिता पुढे घेऊन बसला होता. बस कोणी म्हटलं नाही, म्हणून ती आपणच बसली.

सरपंचाची वाक्यं उरकली. मग ओटिली म्हणाली, “संहितेबाहेरची थोडी करू. जीभ सैल होते.” आणि तिने मूसवांगी ताणात म्हटलं, “दार उघडंच आहे, ये नाऽ.”

“दार उघडंच आहे, ये नाऽ,” गेबहार्ड म्हणाला.

“बैस. कॉफी घेशील काऽ?”

“बैस. कॉफी घेशील काऽ?” त्याने अगदी हुबेहूब म्हटलं. कॉफी कोणी ठेवली नाही.

ओटिलीने पुढचं वाक्य दिलं. “आई गेली, ते तुला पेपरातून कळलंऽ. माझं चुकलंऽ.”

वाल्ट्राउटची सुरी थांबली. मागे पाणी उतू जाऊन चुलीवर चरचरलं, तरी ती हलली नाही.

गेबहार्ड खिडकीकडे बघत होता. त्याच्या मानेला घाम होता, पण स्वयंपाकघर गरम होतं. मग तो म्हणाला, सावकाश, एकेक शब्द वजन करून टाकावा तसा: “आई गेली, ते तुला पेपरातून कळलं. माझं चुकलंऽ.”

ओटिली वाट बघत राहिली.

“तिला विचार,” तो बायकोला म्हणाला, “शेवट पुरेसा ताणला का?”

वाल्ट्राउटने ओटिलीकडे पाहिलं. या वेळी तिने प्रश्न पुढे पोचवला नाही.

“‘चुकलं’ चांगला आला,” ओटिली थेट त्याला म्हणाली. “‘कळलं’ मात्र तोडलास. पुन्हा म्हण.”

त्याने पुन्हा म्हटलं. दोन्ही ताणले, कुठे खोट काढायला जागा ठेवली नाही.

“बरोबर,” ओटिली म्हणाली आणि कोट घेऊन उठली.

दारापर्यंत पोचवायला वाल्ट्राउट आली. पिठाचे हात ॲप्रनला पुशीत म्हणाली, “कामाला पक्का आहे तो. एकदा ठरवलं की उच्चारात हयगय नाही.”

पुलावरून घरी येताना ओटिलीने हिशोब केला. वाक्य मिळालं होतं, शब्दाला शब्द. पण ते तिनेच नेऊन दिलेलं होतं आणि तेच परत आणलं होतं. दुकानात आपलीच जुनी खुर्ची विकत घ्यावी, तसं. तरीही त्याने ते दुसऱ्यांदा म्हटलं होतं, आणि दुसऱ्यांदा म्हणायला तो नाही म्हणू शकला असता. या एवढ्या आधारावर तिने पुढचा हिवाळा काढला. शहाणी बाई होती. पण आशेला शहाणपणाचं वावडं असतं.

पहिला खेळ जिल्ह्याच्या थेटरात झाला. दोन्ही गावं मधली वाट सोडून बसली, एर्लेनरीट डावीकडे, मूसवांग उजवीकडे. आपण पडद्यावर मूर्ख दिसतोय हे बघून प्रत्येक बाजू चिडली, आणि तो मूर्खपणा आपण नाही, शेजाऱ्यांनी केलाय, हे आठवून आणखी चिडली. गेबहार्ड मात्र सगळ्यांना आवडला. मूसवांगच्या म्हाताऱ्यासुद्धा म्हणाल्या, मेला बोलतो अगदी आपल्यातल्यासारखा!

नंतर स्टुटगार्टहून आलेल्या एका समीक्षकाचं भाषण झालं. दोन गावं भांडतात आणि दोघांची बोली मात्र तंतोतंत एक, हा या चित्रपटाचा गहिरा मानवतावादी संदेश आहे, असं तो म्हणाला. सभागृहात प्रथमच एकी झाली. दोन्ही बाजूंनी त्याला शिट्ट्या मारल्या.

मग टिल्मानने गेबहार्डला मंचावर बोलावलं. “सांग रे, ही बोली कशी काय जमवलीस?”

ओटिली चौथ्या रांगेत होती. तिने पर्स घट्ट धरली आणि मान सरळ केली. आता तो नाव घेणार, निदान ‘बहीण’ म्हणणार, ही गोष्ट तिच्या दृष्टीने जवळजवळ झालेलीच होती.

“त्यात काय शिकायचंय?” गेबहार्ड माइकमध्ये म्हणाला. “तोंडात गरम बटाटा धरायचा आणि गिळायचं विसरायचं.”

डावी बाजू हसून लोळली. उजवीकडून कोणीतरी बिअरचं झाकण फेकून मारलं. वाल्ट्राउट हसली नाही, पण टाळी तिनेही वाजवली.

बाहेर येऊन ओटिली गाडीपाशी किल्ली शोधत उभी राहिली. मागून पावलं आली. तिने वळून पाहिलं, तर गेबहार्ड होता, एकटाच. वाल्ट्राउट लांब, दाराशी कोणाशी बोलत होती. तो जवळ आला. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मधे कोणाला न घेता, आपल्या एर्लेनरीटच्या बोलीत, शब्द तोडून म्हणाला:

“तुझी गाडी माझ्या गाडीच्या आड आलीय. काढ.”

ओटिलीने गाडी काढली.

पुढच्या गुरुवारी त्या थेटरात पेंग्विनांचं कार्टून लागलं.