भुरी ज्या गाण्यावर चढली

मी रेडिओ बोलतोय. घरातलं खोकं नव्हे बरं का, अख्खं स्टेशन! तलवाड्यात दूध संस्थेच्या माडीवर दोन खोल्या आणि पत्र्यावर एक खांब, एवढाच माझा पसारा. पण तोरा विचारू नका. जुनी गाणी ऐकावीत तर माझ्याकडंच, असं आसपासच्या गावांत म्हणत.

मला बोलतं केलं नबीनं. निवेदक तोच, झाडूवाला तोच. सकाळी धारा काढायच्या वेळेला तो बासरीचं एक जुनं गाणं लावायचा आणि मी गोठ्यागोठ्यात वाजायचो. तुळजाबाई तर म्हणायची, "नबीभाऊ, माजी भुरी तुमच्या गाण्याबिगर पान्हाच सोडीत न्हाई बगा." भुरी म्हणजे तिची म्हैस. घरात दुसरं होतं काय? म्हशीला माझं गाणं कळतं, याचा मला कोण अभिमान!

मग दुष्काळ पडला. संस्थेनं माळावर चारा छावणी काढली आणि तिथं माझा कर्णा बसवला. गाणं लागलं की वैरण पडायची. जनावरं कान टवकारून दावणीला यायची.

एका दुपारी संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव ट्रक घेऊन छावणीत आले. "इथला चारा सरला. जनावरं मांजरसुंब्याच्या मोठ्या छावणीत न्यायचीत. मालकांनी उद्या एसटीनं या," म्हणाले. भुरी काही केल्या फळीवर पाय देईना. विठ्ठलरावांनी नबीला फोन लावला, "ते सकाळचं गाणं लाव बे. बुजलीत बिचारी."

नबीनं लावलं. मीही जीव ओतून वाजलो हो! भुरी मुकाट चढली, तिच्यामागं बाकीची. तुळजाबाईला केवढं कौतुक! "बगा, कशी शहान्यावानी चढली!"

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई एसटीनं मांजरसुंब्याला उतरली. प्रत्येक ढाब्यावर विचारत फिरली. छावणी कुठली अन् काय! विठ्ठलरावांनी जनावरं परस्पर विकून टाकली होती.

ती थेट माडीवर आली. हातात भुरीचं दावं. नबी रडायला लागला, "आक्का, खुदा की कसम, मला म्हाईत नव्हतं." तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. माझ्या माइकसमोर उभी राहून म्हणाली, "चेअरमन परकाच हुता. तू तर रोज माज्या गोठ्यात हुतास." दावं टेबलावर ठेवून ती गेली.

नबीनं त्याच दिवशी काम सोडलं. विठ्ठलराव मात्र अजून चेअरमन. नबीच्या जागी त्यांनी संगणक बसवलाय. 'आपली संस्था, आपला विश्वास,' असं दिवसभर माझ्याच तोंडून वदवतात. तळपायाची आग मस्तकात जाते, पण गळा माझा, बटण त्यांचं.

धारांच्या वेळेला ते बासरीचं गाणं अजून लागतं. तेवढ्यापुरतं तरी कुणीतरी माडीवर या आणि माझी वायर ओढा. बाकी हवं ते वाजवीन. भुरीसारखं एखादं जनावर कुठं उरलं असलं, तर ते गाणं ऐकून विश्वासानं येईल हो.