न सांगितलेला चहा

"चहा कुणी सांगितला?" चष्मेवाल्या बाईंनी कप बाजूला सारला.

"तुम्हीच की," मी म्हणालो. "आम्लेट, टोस्ट, लोणी, जॅम आणि शेवटी चहा. 'जरा कडक' असंही म्हणालात."

टेबलावरची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. "अहो काका, आमच्या घरात चहा कुणी पीतच नाही," त्यांचा नवरा म्हणाला. "आम्ही त्याचं नाव तरी कशाला घेऊ?"

मी कप उचलून ट्रेमध्ये ठेवला. ऑर्डर घेऊन फार वेळही झाला नव्हता. बाईंचा आवाज माझ्या कानात ताजा होता. कडक म्हणताना त्यांनी बोट उचललं होतं, तेसुद्धा मला दिसत होतं.

या हॉटेलात मला सगळे टेप म्हणतात. उभ्या जन्मात मी ऑर्डर लिहून घेतलेली नाही. टेबल केवढंही असो, कुणाला कांदा नको, कुणाला साखर नको, सगळं जसंच्या तसं आत जाऊन वाजवायचं. लिहून घेणाऱ्या वेटरांची मी आयुष्यभर टिंगल केली.

मालकांनी गल्ल्याजवळ बोलावलं. "काका, परवा ते सूप झालं, आज चहा. उद्यापासून वही घ्या, नाहीतर मागे भांड्यांकडे बसा."

"मालक, विसरलो असतो तर मान खाली घातली असती. पण मी एक शब्द विसरलेलो नाही."

"तेच म्हणतोय मी. तुम्ही विसरत नाही. तुम्हाला जास्तीचं आठवतं."

विसरणाऱ्याला निदान काहीतरी गेलंय एवढं तरी कळतं. माझं सगळं जागच्या जागी होतं, मग त्यातलं खोटं कुठलं हे मी कुणाला विचारायचं? वही घेतली तरी तिच्यात लिहिणार मीच. आपल्यालाच आपल्या डोक्यात कुणीतरी कोंडून बाहेरून कडी लावावी, तसं झालं. दिवसभर मी सगळ्यांवर खेकसत राहिलो.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती लांबच्या शहरात असते, लग्नानंतर येणं फार कमी झालंय. बायकोने फोन स्पीकरवर टाकून आम्हा दोघांच्या मधे ठेवला. लेक भरभरून बोलली. नातवाला सुट्टी लागली, त्याच्यासाठी नवी बॅग घेतली, स्टेशनला जायचा रस्ता आता चांगला झालाय, त्याला आजीची फार आठवण येते.

फोन ठेवला आणि मी स्टूल ओढलं.

"अहो, कुठे चढताय?"

"माळ्यावरची गादी काढतो. उद्या ऊन दाखवायला हवं. रविवारी येतायत ना ती दोघं. 'बाबा, रविवारी येते' म्हणाली की आत्ता."

बायको फोनकडेच बघत राहिली. ती माझ्या शेजारीच बसली होती, शब्दन् शब्द तिने ऐकला होता.

"म्हणाली ना गं?"

"हो," ती म्हणाली. "म्हणाली." पण माझ्याकडे तिला बघवेना.

मला कळलं. तरी गादीचं एक टोक मी ओढलं. बायको उठून आली, दुसरं टोक तिने धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून गादी खाली उतरवली.