खाच सुटलेला टॉर्च

मित्रांनो, एकेकाळी माझी रोज मोजदाद व्हायची. आता होत नाही, आणि म्हणूनच मला भीती वाटते. मी एक जुना टॉर्च आहे, बोटाएवढा, अंगभर ओरखडे पडलेला.

अमेरिकेत ओक्लाहोमाच्या माळावरच्या हवाई तळावर मी मेकॅनिकांच्या पेटीत राहायचो. पेटीत प्रत्येक पान्याला त्याच्याच आकाराची खाच होती, तशी मलाही होती. काम संपलं की पेटी उघडून बघायची. एक जरी खाच रिकामी दिसली, तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान जागचं हलायचं नाही.

ही पेटी नोरीन प्रुइट सांभाळायची. तिला वैमानिक व्हायचं होतं. पण त्यासाठी आधी अधिकारी व्हावं लागतं आणि अधिकारी व्हायला पदवी लागते. वडील गेलेले, धाकटा भाऊ क्लेट शाळेत. मग ती मेकॅनिक म्हणून भरती झाली आणि ड्युटी सांभाळून शिकली. "आधी ओसरीवर तर येऊ दे, माजघरात नंतर शिरेन," असं ती म्हणायची.

एकदा नट फिरवायचा करंगळीएवढा सॉकेट सापडेना. नोरीननं हात वर केला आणि विमानांची अख्खी रांग थांबवली. वैमानिक चिडले, साहेब ओरडले, पण बाई हटली नाही. सॉकेट इंजिनाच्या पोटात सापडला. मला तिचा फार अभिमान वाटला.

पुढे ती पदवीधर झाली, अधिकारी झाली. मीही तेव्हा जुना म्हणून बाद झालो होतो. साथीदारांनी मला निरोपाची भेट म्हणून तिच्या हातात ठेवलं. माझी खाच सुटली आणि मी तिच्या खिशात आलो. मला वाटलं, आपलं भाग्य उजळलं!

वैमानिकांच्या शाळेत तिच्याच तुकडीत कोण यावं? क्लेट! कॉलेज संपवून तो थेट अधिकारी झाला होता. हातांना कधी ग्रीस लागलं नव्हतं.

"काय आजी, गुडघे दुखतात का?" तो सगळ्यांसमोर चिडवायचा.

"तुझं शेंबडं नाक मी पुसलंय. गप बस," ती म्हणायची. पण हसायची. त्याच्यावर तिचा फार जीव होता.

उड्डाणाआधी ती मला काढून चाकांच्या कप्प्यात डोकावायची. जुनी सवय. खरं तर स्वतःची, मोजदाद नसलेली वस्तू अशी विमानापाशी न्यायची नसते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण अधिकाऱ्याचा खिसा कोण तपासणार?

एके सकाळी ती विमानातून उतरली, तेव्हा खिशाची चेन उघडी होती. मी घसरलो आणि सीटखाली जाऊन पडलो. त्याच विमानात आता क्लेट बसला. एकटाच जाणार होता.

तेवढ्यात नोरीन परत आली. "क्लेट, माझा टॉर्च दिसला का रे?"

"घरी विसरली असशील, आजी. वय झालं तुझं!"

ती पंखावर उभी राहून आत बघत राहिली. खालून ओर्टेगा नावाच्या मेकॅनिकनं विचारलं, "मॅडम, काही राहिलंय का?"

मित्रांनो, तिनं नुसता हात वर करायचा होता. पण हात वर केला असता, तर स्वतःची चूक कबूल करावी लागली असती. कदाचित वैमानिकाची जागाही गेली असती. तिचा आवाज मला ऐकू आला.

"नाही. काही नाही."

काचेचं झाकण बंद झालं.

आकाशात क्लेटनं विमान उलटं केलं. मी छताकडे उडालो. विमान सुलटं होताना खाली आदळलो, तो नेमका विमान वळवायच्या दांड्याच्या बुडाशी. त्यानं दांडा ओढला, पण तो मागे येईना. माझ्यामुळे येईना! विमानाचं नाक खाली झुकलं. शेतं मोठी दिसायला लागली. "आई गं," तो पुटपुटला. त्यानं दांडा जिवाच्या आकांतानं पुढे ढकलला. त्या हिसक्यानं मी निसटलो आणि विमान सावरलं.

खाली नोरीन धावपट्टीच्या कडेला उभी होती. विमान थांबताच ती धावत आली. क्लेटनं मला तिच्या तळहातावर ठेवलं.

"कुणाला सांगितलंस?"

"वेडी आहेस का? तुझं नाव आलं असतं."

तिनं डोळे मिटले. तिला सुटल्यासारखं वाटलं असावं. मला मात्र तेव्हाच खरी धडकी भरली.

"हा माझ्याकडेच राहू दे," क्लेट हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "लकी आहे. हा अडकला, तरी मी वाचलो."

आणि तिनं मला देऊन टाकलं. नोरीननं! जिनं एका सॉकेटसाठी रांग थांबवली होती, तिनं.

आता मी क्लेटच्या खिशात आहे. तो पुन्हा विमानाकडे निघालाय आणि खिशाची चेन अर्धीच लावलेली आहे. माझे भाऊबंद, म्हणजे आपापली आत्मकथा सांगणाऱ्या इतर जुन्या वस्तू, तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मित्रांनो, मला जपू नका. मला मोजा. आणि मी सापडलो नाही, तर कृपा करून हात वर करा.